गाळातला लेप



सुरतेजवळच्या डुमसच्या किनाऱ्यावर नवा माणूस आला की म्हणतो, केवढा गढूळ समुद्र! आहेच गढूळ. खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी देशात सर्वांत जोरकस आणि ती तळ सतत ढवळत असते. त्यात तापीचा गाळ. मुलताईहून निघालेली ही नदी भुसावळ, प्रकाशा करत ७२४ किलोमीटर वाहते आणि खानदेशची काळी माती इथवर आणते. सुरतेत पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांच्या शिवारातली माती! अशाच गाळात लेप नावाचा मासा राहतो.

लेप जिभेसारखा लांबट आणि चपटा, दोन्ही डोळे डावीकडे. जन्मतः मात्र तो तसा नसतो. अंड्यातून निघालेले पिल्लू इतर माशांसारखे उभे पोहते, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. मग थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकामुळे कवटी वळू लागते, उजवा डोळा माथ्याकडून डावीकडे सरकतो आणि पिल्लू उजव्या कुशीवर कायमचे आडवे होते. वरची बाजू मातकट, खालची पांढरी. छातीचे पर त्याला राहत नाहीत. पाठीचा आणि पोटाकडचा पर शेपटीला जोडलेला असतो, तो हलवत लेप तळालगत सरकतो. अंगावर गाळ ओढून घेतो, डोळे तेवढे बाहेर. खाणे गाळातच मिळते : किडे, बारीक कोळंबी, शिंपले.

अर्धवट सरकलेला डोळा कशाच्या उपयोगाचा, असा आक्षेप प्राणिशास्त्रज्ञ सेंट जॉर्ज मिव्हार्ट यांनी १८७१ मध्ये डार्विनच्या सिद्धान्तावर घेतला. २००८ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ मॅट फ्रीडमन यांनी चपट्या माशांच्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत नेमका असा अर्ध्या वाटेवरचा डोळा दाखवला. आपल्या किनाऱ्यावरच्या भाकस या चपट्या माशाचा सरकलेला डोळाही माथ्याच्या कडेलाच थांबतो. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

म्हणूनच खाडीकाठी भराव टाकताना 'नुसता चिखल तर आहे' असे कोणी म्हटले की मला राहवत नाही. ट्रॉलरची जाळी हाच तळ खरवडते. १९७२ साली झालेल्या उकाई धरणात तापीचा पुष्कळ गाळ अडतो. लेपाचे सारे शरीर ज्या तळासाठी घडले, तो तळ असा दोन्हीकडून बदलतो आहे.

बाजारात चपटा मासा दिसला, तर डोळे जरूर पाहा. लेपाचे डावीकडे असतात, त्याच्या सोल नावाच्या भावंडांचे उजवीकडे. भाकसाचे मात्र दोन्हींपैकी कुठल्याही बाजूला सापडतात.