लावणीचं दुखणं आणि स्नायूंतल्या राखणदार

लावणी सुरू झाली की आमच्या बचतगटाच्या बैठकीत निम्म्या जणी भिंतीचा आधार घेऊन बसतात आणि भिंत धरूनच उठतात. पहिले दोन-तीन दिवस मांड्या, कंबर, पोटऱ्या ठणकतात. आठवड्याभरानं काम तेच, पण दुखणं कमी. असं का होतं, ते आम्ही वाचून समजून घेतलं. तेच आज सांगतो.

आपले स्नायू प्रथिनांच्या बारीक तंतूंचे असतात. प्रत्येक प्रथिनाची एक ठरलेली घडी असते. ती विस्कटली की प्रथिनं एकमेकांत अडकून गोळा होतात. अंडं उकडल्यावर आतलं पातळ पांढरं घट्ट होतं आणि पुन्हा पातळ होत नाही, तसंच.

शरीरात असं होऊ नये म्हणून पेशींत राखण असते. १९६२ मध्ये इटलीचे शास्त्रज्ञ फेरुच्चो रितोसा यांनी फळमाशीच्या अळ्यांवर काम करताना पाहिलं, की उष्णता वाढताच पेशींतली काही जनुकं जागी होतात. त्या जनुकांपासून बनणाऱ्या प्रथिनांना पुढे ‘हीट शॉक प्रोटीन’ हे नाव पडलं. नाव उष्णतेचं असलं, तरी कष्टाच्या ताणातही ती धावून येतात.

त्यांतली लहान प्रथिनं माणसात दहा प्रकारची आहेत. आल्फा-बी क्रिस्टलिन हे त्यांतलं एक, ते स्नायूंत भरपूर असतं. घडी मोडू लागलेल्या प्रथिनाला ही लहान प्रथिनं धरून ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत. घडी पुन्हा बसवण्याचं काम मोठी प्रथिनं करतात. एखादीच्या घरी अडचण आली, की आधी शेजारीण धावते आणि तिला सावरते. पैशाची सोय गट मग करतो. तशीच ही रीत.

डोक्यावर भारा घेऊन उतार उतरताना मांडीचे स्नायू ताणले जातात आणि त्याच वेळी जोरही लावतात. अशा कामानंतर ही लहान प्रथिनं दुखावलेल्या तंतूंपाशी जमतात. स्नायू कामाला सरावतो, त्यात त्यांचाही वाटा असावा असं मानतात. म्हणून उक्तं काम घेतलं तरी पहिल्याच दिवशी जीव तोडू नका. चार दिवस कामाचा जोर हळूहळू वाढवा.

आता एक कबुली. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीला खाली बसलं की उठवेना. आम्हीच म्हणायचो, ‘आळशी झाली.’ पुढे तपासणीत स्नायूंचा आजार निघाला. असे आजार अनेक कारणांनी होतात. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या एका कुटुंबाच्या अभ्यासात दिसलं, की आल्फा-बी क्रिस्टलिनच्या जनुकातल्या एका बदलामुळेही स्नायू दुबळे होतात. हेच प्रथिन डोळ्याच्या भिंगातही असतं, त्यामुळे त्या घरात मोतीबिंदूही होता.

तेव्हा ध्यानात ठेवा. कामानंतरचं दुखणं आठवड्यात ओसरलं, तर काळजी नको. पण ताकद कमीच होत गेली, जिना चढवेना, हात वर जाईना, तर डॉक्टरांना दाखवा. कष्टानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि कुणी ‘उठवत नाही गं’ म्हणाली, तर आधी हात द्या. नावं ठेवू नका. आम्ही ठेवली होती, म्हणून सांगतो.