कागद चोख, माल खोटा
(गोंडपिपरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



हा परिसर धानाचा. येथील एखाद्या तरुणाने उद्या तांदूळ परदेशी पाठवायचे ठरविले, तर पहिली चिंता हीच, की माल गेला आणि पैसे आलेच नाहीत तर? समुद्रापलीकडच्या खरेदीदारालाही धास्ती असते, की पैसे दिले आणि पोत्यांत कोंडा निघाला तर? या परस्पर अविश्वासावर व्यापाराने शोधलेला उपाय म्हणजे पतपत्र, अर्थात एल.सी. 'ठरलेली कागदपत्रे दाखवा, पैसे आम्ही देऊ,' असे वचन खरेदीदाराची बँक देते.

पण बँक पोते उघडून पाहत नाही, ती कागद पाहते. २००७ पासून लागू असलेली यूसीपी ६०० ही आंतरराष्ट्रीय नियमावली हेच सांगते. कागद तपासण्यास बँकेला फार तर पाच कामकाजाचे दिवस मिळतात.

मग कागद चोख आणि माल खोटा असेल तर? याचे प्रसिद्ध उत्तर १९४१ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दिले, आणि त्यातला विक्रेता होता आपल्या लखनौचा! ब्रशसाठी लागणाऱ्या डुकराच्या राठ केसांऐवजी खोक्यांत गाईचे केस आणि कचरा भरला, असा आरोप होता. तो खरा असेल आणि पैसे देण्यापूर्वीच बँकेला कळला असेल, तर पैसे रोखता येतात, असे न्यायालयाने मानले. मात्र माल केवळ हलका निघाला, तर ती सबब चालत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८१ साली पतपत्राच्या आणि १९८७ साली बँक हमीच्या खटल्यात हीच दिशा धरली. उघड, गंभीर फसवणूक किंवा भरून न निघणारी हानी दिसल्याखेरीज न्यायालयाने मनाई हुकूम देऊ नये. हे कठोर वाटेल. परंतु प्रत्येक तक्रारीवर बँकेचे वचन थांबू लागले, तर त्या वचनावर माल पाठवणार कोण?

या वचनाचा गैरवापर आपण मुंबईतच पाहिला. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून दिली गेलेली हमीपत्रे, लेटर्स ऑफ अंडरटेकिंग, ही पतपत्राची जवळची भावंडे. स्विफ्टवरून परदेशी संदेश जात होते, पण बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच नव्हती. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रकरण उघडकीस आले आणि आकडा पुढे १३ हजार कोटींच्या वर गेला. त्या संदेशांवर विसंबून पैसे देणाऱ्या अन्य बँकांची देणी अखेर याच बँकेला भागवावी लागली. १३ मार्च २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची अशी हमीपत्रे बंद केली. पतपत्रे मात्र चालू राहिली.

तेव्हा सावधपणा सहीपूर्वीच हवा. खरेदीदाराने त्रयस्थ तपासनिसाचा दाखला कागदपत्रांत मागून घ्यावा. विक्रेत्याने खरेदीदाराच्याच माणसाची सही लागणारी अट मान्य करू नये, कारण ती सही अडली की पैसे अडले. मालाचे नाव, वजन, तारीख अक्षरशः जुळवावी. आणि फसवणुकीचा पुरावा हाती येताच त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून न्यायालय गाठावे. बँकेने सद्‌भावनेने पैसे दिल्यावर तिला दोष देता येत नाही, मग उरतो तो परदेशातील विक्रेत्यावरचा लांबलचक दावा. आपल्या तरुणांनी परदेशी व्यापारात अवश्य उतरावे, पण पतपत्राची प्रत्येक ओळ वाचून!