भंगारातलं तांबं



जालन्याची सळई सगळ्या महाराष्ट्राच्या बांधकामांत जाते. ती बनते भंगार आणि स्पंज आयर्न, म्हणजे लोहखनिजापासून कोळशाने काढलेलं लोखंड, विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवून. केंद्र सरकारच्या 2019 च्या भंगार धोरणात म्हटलं आहे, की एक टन भंगार वापरलं तर 1.1 टन लोहखनिज आणि 630 किलो कोकिंग कोळसा वाचतो. इतका उघड फायदा असूनही भंगार पुन्हा वापरण्याचं हे चक्र अडतं. माझ्या मते, ते भट्टीच्या फार आधी, भंगाराच्या आवारातच अडतं.

जुन्या मोटारीची दाबून केलेली गाठ बघा. बाहेरून नुसता पत्रा दिसतो. आत वायरिंगचं जाळं, स्टार्टरची मोटार, वायपरची मोटार, म्हणजे तांबं. भट्टीत ते पोलादात विरघळतं आणि मळीबरोबर काही निघत नाही. पुढे त्या पोलादाचं ओतलेलं बिलेट, म्हणजे जाड कांब, रोलिंगसाठी तापवलं, की पृष्ठभागावरच्या लोखंडाची पापडी होते आणि मागे राहिलेलं तांबं तिच्याखाली साठतं. तांबं 1085 अंशांना वितळतं. बिलेट सहसा त्याहून जास्त तापवावं लागतं. ते पातळ तांबं पोलादाच्या कणांच्या सांध्यांत शिरतं आणि रोलिंगमध्ये चिरा पडतात. मग कारखानदार स्पंज आयर्न वाढवून तांब्याचं प्रमाण खाली आणतो. म्हणजे पुन्हा खाण आली, पुन्हा कोळसा आला. त्याला तरी दोष कसा द्यावा? सळईवर कुणाचं तरी घर उभं राहायचं असतं.

तांबं आधीच उपसून काढायला माणसं लागतात, वेळ लागतो. गाठ नुसती वजनावर विकली जात असेल, तर ही मेहनत कोण करील?

कराचंही दुखणं आहे. भंगार गोळा करणारे बहुतेक रोखीने, बिनपावतीचा व्यवहार करतात. भंगारावर जीएसटी 18 टक्के. साखळीत मधल्या कुणी तो भरला नाही, तर प्रामाणिक खरेदीदाराचं भरलेल्या कराचं क्रेडिट अडकून पडतं.

कारखान्यांनी स्वच्छ, निवडलेल्या भंगाराला वेगळा, चढा दर बांधून द्यावा. मोटार बनवणाऱ्यांनी वायरिंग चटकन सोडवता येईल असं बसवावं. नुसत्या धोरणाने हे होणार नाही.

आणि श्रोतेहो, तुमची जुनी गाडी मोडीत काढायची असेल, तर ती नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. नव्या गाडीच्या करात सवलत मिळवायला ते लागतं.