स्वच्छ विजेचा जमाखर्च



आजचा विषय हिशेबाचा आहे, आणि हिशेबाचा विषय रुक्ष असतो, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण घरातला हिशेब रुक्ष म्हणून ठेवायचाच नाही, असे म्हणणाऱ्या गृहस्थाची महिनाअखेर जशी होते, तशीच ती राष्ट्राचीही होते.

ऊन आणि वारा फुकट आहेत, म्हणून त्यांच्यापासून होणारी वीज निर्मळ, असे आपण सहज म्हणतो. ऊन फुकट खरे, परंतु ते धरण्याचे पात्र फुकट नाही. सौरपट्टीचा जन्म पाहा. आधी खाणीतून गारगोटी काढायची. ती विजेच्या भट्टीत कोळशाबरोबर तापवून तिच्यातून सिलिकॉन काढायचे. मग ते पुन्हा पुन्हा शुद्ध करायचे, त्याच्या पातळ चकत्या कापायच्या, त्यावर चांदीच्या बारीक रेघा ओढायच्या, आणि सर्व काही काच व ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवायचे. जगातील बहुतांश पट्ट्या चीनमध्ये तयार होतात आणि तेथील बरीचशी वीज कोळशाची असते. म्हणजे छपरावर चढण्यापूर्वीच त्या पट्टीच्या नावे काही धूर खर्ची पडलेला असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग ही सारी फसवणूकच का? नव्हे. येथेच हिशेब उपयोगी पडतो. खाणीपासून भंगारापर्यंत वस्तूच्या साऱ्या आयुष्याचा जमाखर्च मांडण्याच्या या रीतीला जीवनचक्र-मूल्यांकन म्हणतात. १९६९ साली अमेरिकेत शीतपेयाच्या बाटल्या-डब्यांचा असा हिशेब झाला, तो या रीतीच्या आरंभींच्या प्रयत्नांपैकी एक होय. विजेच्या बाबतीत सगळा खर्च आयुष्यभरात मिळणाऱ्या युनिटांवर वाटतात. हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाने २०१४ साली दिलेले मधले आकडे असे : एका युनिटमागे कोळशाचा भार ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतका, नैसर्गिक वायूचा ४९०, मोठ्या सौरकेंद्राचा ४८, पाण्याचा २४ आणि जमिनीवरील पवनचक्कीचा ११. पट्टी घडवताना लागलेली ऊर्जा आपल्यासारख्या लख्ख उन्हाच्या मुलुखात दीड वर्षाच्या आतच फिटते. पुढे वीस-पंचवीस वर्षे ती नफ्यातच असते. कोळशाचे कर्ज मात्र दर युनिटाला वाढतच जाते.

परंतु मधला आकडा म्हणजे सगळ्यांचा आकडा नव्हे. उष्ण प्रदेशातील धरणात बुडालेले रान कुजते व मिथेन सोडते, म्हणून काही जलाशयांचा भार कोळशाच्याही वर गेलेला आढळला आहे. तेव्हा 'पाण्याची वीज' हे नुसते नाव पुरेसे नाही. कोणते धरण, कोणत्या रानातले, हे विचारलेच पाहिजे.

आता हिशेबातल्या रकान्यांकडे वळू. मुंबईला वीज देण्यासाठी मुळशीला धरण होऊ लागले, तेव्हा १९२१ साली तेथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झाले आणि भाताची खाचरे पाण्याखाली गेली. त्या विजेचा कार्बन मोजला, तर खाचरांचे दुःख त्यात एका ग्रॅमनेही उमटणार नाही. जमीन किती गेली, याचा रकाना या शास्त्रात असतो. ती कोणाची गेली, हा रकाना पुष्कळ काळ नव्हता. सामाजिक परिणाम मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००९ साली प्रसिद्ध केली. मुळशीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

दुसरा रकाना शेवटाचा. सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पवनचक्कीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस वर्षांचे. तिच्या मनोऱ्याचे पोलाद आणि तारांचे तांबे भंगारवाला आनंदाने नेईल. पाती मात्र काचतंतू व राळेची असतात. ती वितळवून पुन्हा घडवता येत नाहीत, म्हणून त्यांना गिऱ्हाईकही सहजी मिळत नाही. सौरपट्ट्यांचा कचरा २०२२च्या ई-कचरा नियमांत आला, आणि ते नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण नियम कागदावर असतो आणि कचरा गावच्या शिवारात असतो.

या साऱ्याचा अर्थ कोळसा बरा, असा कोणी काढील तर त्याने ८२० आणि ४८ हे आकडे पुन्हा वाचावेत. ऊन-वाऱ्याची वीज आपल्याला हवीच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, उद्या तुमच्या गावात प्रकल्प आला आणि ग्रामसभा भरली, तर तीन प्रश्न उभे राहून विचारा. सामान कोठून व कशावर तयार होऊन येणार? जमीन कोणाची जाणार, आणि तिच्या मोबदल्यात त्याला काय मिळणार? आणि आयुष्य संपल्यावर हे सारे उचलून कोण नेणार, त्यासाठी पैसे आजच बाजूला ठेवले आहेत काय? तिन्ही उत्तरे लेखी घ्या. ती मिळाली तर प्रकल्पाला खुशाल हात द्या. न मिळाली, तर सभा तहकूब करा आणि उत्तरे घेऊन यायला सांगा.