यंत्र सापडते, धनी सापडत नाही

परिषदेच्या अध्यक्षा, उद्घाटक महोदय, व्यासपीठावरील मान्यवर आणि रात्रपाळी संपवून झोप न घेता थेट सभागृहात आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचे नवी मुंबईत मनःपूर्वक स्वागत.

ठाणे-बेलापूर रस्त्याने जे आले, त्यांना ऐरोली, रबाळे, महापे इथल्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसल्या असतील. आमच्या पिढीला हा पट्टा रसायनांच्या कारखान्यांमुळे डोळे मिटूनही ओळखता यायचा. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, एमआयडीसीची जागा आणि वीज इकडे मिळते, म्हणून देशातल्या डेटा सेंटरांचा फार मोठा वाटा या परिसरात आला. गावाचे कौतुक हे स्वागताध्यक्षाचे कर्तव्य. ते एवढ्यावर उरकतो. दुपारच्या जेवणात आगरी पद्धतीचे मासे आहेत, शाकाहारींची रांग वेगळी आहे.

विषयावरून समितीत वाद झाला, हे लपवत नाही. काहींना एआय हवे होते, काहींना लिक्विड कूलिंग. डेटा सेंटरमधल्या उपकरणांचा शोध आणि त्यांची नोंद हा विषय त्यांना जुनाट वाटत होता. मी हट्ट धरला. रॅकमध्ये काय ठेवले आहे हेच ठाऊक नसेल, तर तो किती थंड ठेवायचा हे कशावरून ठरवणार?

बाहेर स्टॉल लागले आहेत. प्रत्येक ठिकाणी तुम्हाला सांगतील, एक क्लिक करा आणि सगळी मालमत्ता पडद्यावर. सॉफ्टवेअर खरोखरच बरेच काही करते. दिलेल्या आयपी रेंजमध्ये कोण उत्तर देते ते पाहते, स्विच आणि पीडीयूला एसएनएमपीने विचारते, सर्व्हरच्या मॅनेजमेंट पोर्टकडून आयपीएमआय किंवा रेडफिशने मॉडेल, सिरियल नंबर, मेमरी काढून घेते, हायपरव्हायजरकडून व्हर्च्युअल मशीनची यादी मागते. स्विचच्या मॅक टेबलवरून कोणता सर्व्हर कोणत्या पोर्टला जोडला आहे तेही कळते. माझी तक्रार आहे ती ‘सगळी’ या शब्दाबद्दल. 42 यूच्या रॅकमध्ये आपण सतराव्या यूवर आहोत की एकोणिसाव्या, हे बहुतेक सर्व्हरना सांगता येत नाही. बंद असलेला सर्व्हर उत्तर देत नाही, पॅच पॅनेल तर कधीच देत नाही. मदरबोर्ड बदलल्यावर इंजिनिअरने सिरियल नंबर परत भरला नसेल, तर त्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ एवढेच उत्तर येते. अशी भावंडे एकाच हॉलमध्ये मी पाहिली आहेत, आणि सॉफ्टवेअरने ती सगळी एकच मशीन धरलेली. हसू नका, तुमच्याकडेही निघतील.

हे दोष सुटण्यासारखे आहेत. बारकोड आहेत, आरएफआयडी आहे, वर्षातून दोनदा हातात स्कॅनर घेऊन फिरणारी माणसे आहेत. अवघड भाग पुढचा. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी सातबारा असेल. सातवर जमीन कोणाची ते असते, बारावर तिच्यात काय पेरले ते. स्कॅन ही आपली पीकपाहणी. ती बारा भरते. सात कोण भरणार? फेरफार वेळेवर झाला नाही की जमीन आजोबांच्याच नावावर राहते. तसे आपल्याकडे केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर सर्व्हर चालू राहतात. ते बंद करायला कोणी धजावत नाही, कारण महिनाअखेरीला त्यावर काय चालत असेल कोण जाणे!

जोनाथन कूमी आणि जॉन टेलर या संशोधकांच्या 2015 च्या अभ्यासात तपासलेल्या सर्व्हरपैकी सुमारे 30 टक्के सर्व्हर सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कसलेही उपयोगी काम करत नव्हते. वीज मात्र घेत होते. अशा मशीनवर पॅचही कोणी लावत नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेची त्रुटी बाहेर आली, तेव्हा दुरुस्ती लवकर हाती आली होती. ती कुठे कुठे लावायची हे शोधण्यात लोकांच्या नाताळच्या सुट्ट्या गेल्या. आपल्याकडे सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते. त्यातले तीन तास ‘हा आयपी कोणाचा?’ असे व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारण्यात गेले, तर उरले किती?

आणि मशीन बाहेर पडताना काय होते? मॉर्गन स्टॅन्लीने 2016 मध्ये डेटा सेंटर बंद करताना जुनी उपकरणे उचलायचे काम एका वाहतूक कंपनीला दिले. डेटा नष्ट करण्याचा तिला अनुभव नव्हता. काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात विकली गेली. पुढे शाखांमधली यंत्रे बदलल्यावर नोंदी जुळवल्या, तेव्हा 42 सर्व्हर गायब होते. सप्टेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने या प्रकरणात 3 कोटी 50 लाख डॉलरचा दंड ठोठावला. खरेदीच्या फायली आपण जपतो. गेटपासच्या झेरॉक्स मात्र वॉचमनच्या टेबलाखाली सापडतात.

तेव्हा माझे मत स्पष्ट सांगतो, चर्चेत कोणी खोडून काढले तरी चालेल: धनी ठरल्याशिवाय मशीनला रॅकमध्ये वीज देऊ नये. धनी म्हणून व्यक्तीचे नाव नको, पद किंवा विभाग लिहावा. आणि विभाग मोडला तर त्याच आठवड्यात नोंद बदलावी. सॉफ्टवेअरमध्ये हा रकाना असतो. तो सक्तीचा करणे एवढेच बहुतेक ठिकाणी राहिलेले असते, आणि ते वरिष्ठांच्या सहीशिवाय होत नाही. वरिष्ठ इथे पहिल्या रांगेत बसले आहेत, म्हणून जरा मोठ्याने बोललो.

या वेळी स्कॅनर घेऊन रॅकमागे शिरणारे तंत्रज्ञही वक्ते म्हणून बोलणार आहेत. मागच्या दालनात एक भरलेला रॅक ठेवला आहे आणि त्याची छापील यादी टेबलावर आहे. यादीत मुद्दाम चुका पेरल्या आहेत. चहाच्या वेळेत शोधा आणि कागद स्वागतकक्षात द्या. सर्व फोन सायलेंटवर ठेवावेत. ऑन-कॉल असलेल्यांनी दाराजवळच्या खुर्च्या घ्याव्यात, त्या त्यांच्यासाठीच राखल्या आहेत. आता अध्यक्षा बाईंना विनंती करतो की त्यांनी परिषदेची सूत्रे स्वीकारावीत.