गाडी आणि विमान यांच्यामधली रात्र

दौंडच्या माणसाला वाट पाहण्याचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाडचा मार्ग यांचा संगम त्याच्या गावी होतो. बारामतीची गाडीही तेथूनच सुटते. गाडी बदलण्यासाठी आलेल्या कित्येक पिढ्यांनी त्या फलाटावर वळकटी उशाशी घेऊन रात्री काढल्या आहेत. शेजारचे शिरूर मात्र रेल्वेवाचून वाढले. जुनी माणसे त्याला अजूनही घोडनदी म्हणतात. त्याची सारी भिस्त पुणे-नगर रस्त्यावर. नगरचे नाव आता अहिल्यानगर झाले असले, तरी रस्ता लोकांच्या तोंडी नगर रस्ताच राहिला आहे.

या दोन गावांतील एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. दौंडास रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ व त्यांची पत्नी; शिरूरास दिलेली त्यांची धाकटी बहीण. गृहस्थांची मुलगी दिल्लीस असून तिचे दिवस भरत आले आहेत. पहिलटकरणीजवळ आईने असावे आणि बाळंतिणीचे सारे करण्यात हातखंडा असलेल्या आत्यानेही असावे, असे ठरले. लोहगावहून सकाळी ६ वाजता सुटणाऱ्या विमानाची तीन तिकिटे काढण्यात आली. प्रश्न राहिला तो आदल्या रात्रीचा.

गृहस्थांचा बेत साधा होता. मध्यरात्रीनंतर दौंडास येणारी एखादी गाडी धरावी, सुमारे ७५ किलोमीटरांचे अंतर दीड-दोन तासांत तोडावे आणि पुणे स्थानकावरून तडक विमानतळ गाठावा. एका रात्रीसाठी खोलीचे भाडे कशाला भरावयाचे? बहिणीने फोनवर शंका काढली, तेव्हा ते म्हणाले, "अगं, उशिरा येणाऱ्या गाडीसाठी जोडगाडी थांबवून धरलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहे." त्यावर ती म्हणाली, "दादा, दोन्ही गाड्या रेल्वेच्याच होत्या. हे विमान कोणाचे?"

या एका प्रश्नात सर्व विषयाचे सार आले आहे. रेल्वेच्या दोन गाड्यांचा धनी एकच असतो. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर जोडलेल्या दोन तिकिटांपैकी न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत देण्याची सोय रेल्वेने २०१९ पासून केली आहे. विमान कंपनीशी मात्र रेल्वेचा असा कोणताही करार नाही. पाटसजवळ गाडी सिग्नलला तासभर उभी राहिली, ही सबब विमानतळाच्या खिडकीवर चालत नाही. तेथे प्रवासी वेळेवर आला नाही, एवढीच नोंद होते, आणि तिकिटाचे बहुतेक पैसे बुडतात. दोन निराळ्या धन्यांच्या वाहनांना जोडणारा दुवा प्रवाशाला स्वतःच घडवावा लागतो. मधली रात्र हा तो दुवा. तिचे भाडे झोपेसाठी दिले असे समजू नये. ते दुसऱ्या दिवसाच्या जामिनाचे आहे.

अशा रात्रीची आखणी उलट्या क्रमाने करावयाची असते. विमान सकाळी ६ वाजता सुटणार. देशांतर्गत विमानांसाठी सामान घेणारी खिडकी साधारणपणे एक तास आधी, म्हणजे ५ वाजता बंद होते. सामान, ओळखपत्र आणि तपासणी यांना वयस्क माणसांना लागणारा वेळ धरला, तर ४ वाजता विमानतळाच्या दारात असावे. मुक्काम जवळ असेल तर साडेतीनला निघावे आणि पावणेतीनला उठावे. पावणेतीनला उठणाऱ्याने नऊच्या आत अंथरुणाला पाठ टेकली पाहिजे. त्यासाठी आठला जेवण आणि सातला खोलीत प्रवेश. गाडीला होणाऱ्या दोन तासांच्या उशिराची तरतूद ठेवावयाची, तर ती चार-साडेचारला पुण्यास पोहोचणारी असावी. याप्रमाणे पहाटेच्या विमानाची तयारी आदल्या दिवशी दुपारी दौंडच्या फलाटावर सुरू होते. हिशेब कागदावर मांडून झाल्यावर गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. आयुष्यभर वेळापत्रकात वावरलेल्या माणसाला तो पटावयास फार वेळ लागला नाही.

मुक्काम कोठे करावा हा पुढील प्रश्न. पुणे स्थानकावर रेल्वेचे विश्रामकक्ष आहेत आणि आरक्षित तिकिटावर ते मिळू शकतात. पहाटे दुसरी गाडी धरावयाची असेल तर त्यांच्यासारखी सोय नाही. पण पहाटे विमान धरणाऱ्याला तेथून सुमारे १० किलोमीटर जावयाचे असते. स्थानकावरून रामवाडीपर्यंत मेट्रो आहे, आणि सायंकाळी सामान हलके असेल तर ती उत्तम. परंतु पहाटे ६ पूर्वी ती धावत नसल्यामुळे या विमानाच्या कामी येत नाही. म्हणून जे अंतर तोडावयाचे ते सायंकाळीच तोडून टाकावे आणि विमाननगर किंवा त्याच्या आसपास उतरावे.

येथे शिरूरच्या बहिणीचे एक सुदैव ध्यानात घेण्यासारखे आहे. तिची एस. टी. वाघोली, खराडी या क्रमाने पुण्यात शिरते, म्हणजे शहरात पोहोचण्यापूर्वीच विमानतळाच्या परिसराजवळून जाते. शिरूरचे पुष्कळ प्रवासी सवयीने थेट शिवाजीनगरपर्यंत जातात आणि तेवढेच अंतर पुन्हा मागे येतात. नगर रस्त्यावरची सायंकाळची कोंडी प्रसिद्धच आहे. तेव्हा तिने दुपारीच निघून वाटेतच उतरणे शहाणपणाचे. दौंडच्या माणसालाही असे एक जवळचे दार आहे. त्याची गाडी हडपसरला थांबत असेल, तर तेथे उतरून मुंढवा-खराडीमार्गे जाता येते आणि मुख्य स्थानकाची गर्दी टळते. मात्र दौंडास गाडीत चढण्यापूर्वी तिकिटावरील स्थानकाचे नाव नीट वाचावे. मनमाडकडून थेट पुण्यास जाणाऱ्या काही गाड्या जंक्शनात न येता 'दौंड कॉर्ड लाइन' या निराळ्या स्थानकावर थांबतात. जन्मभर जंक्शनात गेलेला माणूस पायांच्या सवयीने चुकीच्या फलाटावर जाऊन उभा राहावयाचा.

खोली ठरविताना दोन-तीन प्रश्न फोनवरच विचारून घ्यावेत. पहाटे साडेतीनला फाटक उघडावयास माणूस असतो काय? गाडी आदल्या रात्री सांगून ठेवता येईल काय? भाड्याचा दिवस चोवीस तासांचा की दुपारी बारापर्यंतचा? खोलीचे रंगरूप कसे आहे हे पाहण्याची गरज नाही. सहा तास अंधारातच काढावयाचे आहेत.

या रात्रीचे दुसरे काम सामानाची फेरमांडणी हे होय. रेल्वेत जे हाताशी लागते तेच विमानात अडते. फळे चिरण्याची सुरी आणि तेलकट लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीतून काढून मोठ्या सामानात घालावी. पॉवर बँक मात्र मोठ्या सामानातून काढून हातात घ्यावी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना तर विमानात मज्जाव आहे, कारण त्यांतील तेलामुळे त्या पेट घेण्याचा धोका मानला जातो. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आत्याने निवडून बांधलेले खोबरे दौंडासच ठेवावे लागले आणि तिला ते लागले; परंतु खोबरे दिल्लीसही मिळते. मोठ्या सामानास बहुधा १५ किलो व हातातील पिशवीस ७ किलो अशी मर्यादा असते. नेमका आकडा तिकिटावर पाहून घरीच वजन करावे.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी उभा राहिला. सदाशिव पेठेत राहणाऱ्या मावसबहिणीला ही बातमी कळली आणि तिने हक्काने विचारले, "पुण्यात आमचे घर असताना तुम्ही पैसे देऊन खोलीत राहणार?" या प्रश्नात माया होती आणि थोडा रागही. तिच्याकडे उतरावयाचे म्हणजे पुरणाचा स्वयंपाक, अकरापर्यंत गप्पा, पहाटे दोनला साऱ्या घराची झोपमोड आणि संबंध शहर ओलांडून लोहगाव. जेवणासाठी तरी या, असे ती म्हणाली, तेव्हा नकार कोणी द्यावा हेच ठरेना. अखेर गृहस्थांच्या पत्नीने फोन हाती घेतला. "ताई, ही रात्र पोरीची आहे. परत येताना आजी होऊन येईन, तेव्हा तुझ्याकडे दोन दिवस राहीन. मग घड्याळाकडे बघायचे नाही."

मावसबहीण क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग बाळाचा फोटो आधी मला दाखवायचा." 

तात्पर्य, प्रवासातील प्रत्येक मुक्कामाचा हेतू एकच असावा. जाताना मधे पडणारी रात्र विमानाला द्यावी, येतानाची माणसांना. दोन्ही एकाच रात्रीत साधू पाहणाऱ्याला झोपही मिळत नाही आणि गप्पांत मनही लागत नाही. आणि ज्या मुलीसाठी हा सारा खटाटोप, ती तिकडे दाराकडे डोळे लावून बसलेली असते.