ऊब कोठे असते?

(शालेय विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी झालेल्या भाषणाचा मजकूर)



लोकर गरम असते, असे घरोघरी म्हटले जाते. परंतु लोकरीच्या गुंड्यात तापमापी खोचून ठेवली, तर ती खोलीचेच तापमान दाखविते. मग ऊब येते कोठून?

बव्हेरियाच्या सेवेत असलेले बेंजामिन थॉम्पसन, अर्थात काउंट रम्फर्ड, यांनी हा प्रश्न प्रयोगाला लावला. तेथील सैनिकांच्या वस्त्रांची व्यवस्था त्यांच्याकडे असल्याने प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. त्यांनी तापमापीचा फुगा काचेच्या मोठ्या गोळ्यात मधोमध बसविला. भोवतालच्या पोकळीत प्रत्येक वेळी एकच पदार्थ, वजनाने अवघा १६ ग्रेन, म्हणजे सुमारे एक ग्रॅम, भरला. उपकरण उकळत्या पाण्यात तापवून बर्फाच्या पाण्यात बुडविले आणि रेओम्यूर मापनाच्या ७० अंशांवरून १० अंशांवर उतरण्यास किती सेकंद लागतात, ते मोजले. पोकळीत नुसती हवा असताना ५७६ सेकंद लागले. कापसाने १०४६, लोकरीने १११८, तर सशाच्या केसांनी १३१५ सेकंद उष्णता रोखली.

खरी गंमत रेशमाची आहे. कच्च्या रेशमाला १२८४ सेकंद लागले. तितक्याच वजनाच्या, पण पीळ दिलेल्या शिवणाच्या रेशमी दोऱ्याच्या तुकड्यांना फक्त ९१७! पदार्थ तोच, वजन तेच. पिळामुळे तंतू एकमेकांना चिकटले आणि त्यांच्यामध्ये अडकून राहणारी हवा सुटी झाली. उष्णतेला अडविते ती ही कोंडलेली, हालचाल थांबलेली हवा. १७९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी रम्फर्ड यांना रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले.

दबलेल्या रजईतला कापूस पुन्हा पिंजून देणाऱ्या पिंजाऱ्याला हे मर्म हाताने ठाऊक असते. तो नवा कापूस न घालताही रजई उबदार करतो.

प्रदर्शनात मुलांनी सारखे डबे, सारखे गरम पाणी आणि निरनिराळी वेष्टने घेतली आहेत. एक डबा मुद्दाम उघडा ठेवला आहे. एखाद्या वहीत लोकरीचा डबा कापसाच्या आधी निवलेला आढळेल. पालकांनी तो आकडा पुस्तकाबरहुकूम खोडायला लावू नये. लोकर किती आवळून गुंडाळली होती आणि झाकण नीट बसले होते का, एवढेच मुलाला विचारावे.